पापडीच्या डोळ्यांविषयी

कारेलीबाग, बडोदे
२ डिसेंबर २००५

चि. ऋचास आशीर्वाद.

माझं पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. विहंगचा आणि तुझा घटस्फोट होऊन वर्ष झालं. सासरा म्हणून तुझी चौकशी करण्याचा मला आता काही हक्क नाही, हे मी जाणून आहे. विहंगच्या वतीनेही लिहीत नाही. तो मस्कतला आहे आणि ठीक आहे. मी पापडीविषयी लिहितो आहे.

तू जाताना तिला मागितलीस आणि विहंगने दिली नाही. कुत्री त्याच्या स्वतःच्या नावावर घेतलेली आहे, असं तो म्हणाला होता. नंतर तो नोकरीसाठी निघून गेला आणि पापडी माझ्याकडे आणि प्रेमलाकडे राहिली. ती खाते, फिरायला येते, जिन्यावर कोणाचा पाय वाजला की भुंकते. पण काही आठवडे झाले, तिच्या उजव्या डोळ्यातून घट्ट, पिवळट चिकटा येतो. सकाळी पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. डोळ्याची चमकही गेली आहे. धूळ बसलेल्या काचेसारखा दिसतो.

शेजारचे जयवंतराव म्हणाले, गुलाबपाणी घाला. प्रेमलाचं मत असं की थंडीत धूळ उडते, आपोआप जाईल. मी गुलाबपाणी घातलेलं नाही. सगळी नोकरी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे बाटलीत काय आहे ते नक्की माहीत नसेल तर ती कुठेही ओतायला माझा हात धजत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिला पूर्वी कधी डोळ्यांचा त्रास झाला होता का? डॉक्टरकडे तूच न्यायचीस, त्यामुळे आम्हाला काही माहीत नाही. आणि डोळ्याला हात लावू द्यावा म्हणून तू काय करायचीस? ती माझ्यावर गुरगुरत नाही. नुसती मान फिरवते आणि दिवाणाखाली जाऊन बसते. मग काही केल्या बाहेर येत नाही.

प्रेमला बरी आहे. ऑगस्टमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता दिसतं चांगलं, त्यामुळे मी झाडलेल्या घरातला कचराही दिसू लागला आहे.

दीनानाथ खांबेटे


कारेलीबाग, बडोदे
२१ डिसेंबर २००५

चि. ऋचास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहितो, कारण मधल्या काळात जे झालं ते तुला कळलं पाहिजे.

ऑपरेशननंतर प्रेमलाला जी टीपां दिली होती त्यातली बाटली उरली होती. (तू हसायचीस, पण या घरात डोळ्यांच्या थेंबांना अजून टीपांच म्हणतात.) त्या टीपांनी तिच्या स्वतःच्या डोळ्याची लाली गेली होती. मी घरात नसताना तिने ती पापडीच्या डोळ्यात घातली. पहिल्या दिवशी डोळा खरंच निवळल्यासारखा दिसला. म्हणून तिने आणखी घातली आणि मला सांगितलं नाही. पूर्ण बरा झाला की सांगू, असा तिचा विचार होता.

मग एक दिवस पापडीने डोळा मिटला तो उघडेचना. तोंड जाजमावर घासत खोलीभर फिरत होती. जेवायला बसलो तेव्हा प्रेमला म्हणाली, "मी माझी टीपां घातली होती. ती चालू ठेवू की बंद करू?"

मी म्हणालो, "बाटली घे आणि चल."

इथे बडोद्यातच, अकोटा भागात, जनावरांच्या डॉक्टर नयनाबेन म्हणून एक आहेत, तिशीतल्या असतील. आधीचे डॉक्टर शहर सोडून गेले, त्यांच्या जागी या आल्या. गुजराती आहेत, आमच्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करतात. त्यांनी पापडीच्या डोळ्यात एक रंग घातला आणि दिवा बंद करून निळ्या उजेडात आम्हाला बोलावून दाखवलं. बुबुळावर मुगाच्या डाळीएवढा हिरवा डाग चमकत होता. ती जखम. मग त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं.

"काकी, या टीपांमध्ये स्टेरॉइड आहे. डोळ्याला जखम असली ने, तर हे तिला भरू देत नाही. ऊलटुं, खोल करते."

"जखम आधीपासून होती की माझ्यामुळे झाली?" प्रेमलाने विचारलं.

"आधीची असणार. पण याने वाढली."

 निघताना बाटली टेबलावरच राहिली, ती प्रेमलाने उचलली नाही.

मुळातला आजार वेगळाच आहे. नयनाबेनने टिपकागदासारखी पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळ लावून ती किती भिजते ते पाहिलं. उजवीकडची जवळजवळ कोरडी निघाली, डावीकडची अर्धवट भिजली. शरीर आपल्याच अश्रूंच्या ग्रंथींवर उठतं आणि त्या पाणी करायचं बंद करतात, असं त्यांनी समजावलं. पाणी नाही म्हणून डोळा चिकटा सोडतो. मी इतके दिवस समजत होतो की तिचा डोळा जास्त गळतो आहे. होतं उलट.

आता जखमेसाठी अँटिबायोटिक थेंब, कोरडेपणासाठी माणसांना देतात तेच नकली अश्रूंचे थेंब दिवसातून बऱ्याच वेळा, आणि पंजा लागू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची भोंग्यासारखी टोपी. ती घालून ती दाराच्या चौकटींना आपटत फिरते. खरं औषध सायक्लोस्पोरिन. ते ग्रंथींवरचा हल्ला थांबवतं. जनावरांसाठीचं मलम परदेशी आहे, महाग आहे आणि बडोद्यात मिळत नाही. आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. थेंब जन्मभर.

उजव्या डोळ्याने दिसेल की नाही ते अजून सांगता येत नाही.

दीनानाथ


कारेलीबाग, बडोदे
१७ जानेवारी २००६

चि. ऋचास आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. नाशिकचा शिक्का होता आणि आत मलमाची ट्यूब, थर्माकोलमध्ये गुंडाळलेली. चिठ्ठी नव्हती. प्रेमलाने खोका उलटा करून पुन्हा एकदा पाहिला.

जखम भरली आहे. ते आधी लिहायला हवं होतं. जिथे जखम होती तिथे दुधाळ डाग राहिला आहे. नयनाबेन म्हणतात की डागाच्या कडेने तिला दिसतं. चेंडू उजवीकडून टाकला तर उशिरा वळते, पण वळते.

ट्यूब येण्याआधी मी एक उद्योग करणार होतो, तो सांगतो. सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या माणसांसाठी मिळतात, मूत्रपिंड बदललेल्यांना देतात. आत तेलकट औषध असतं. मला वाटलं, शुद्ध तेलात हिशेबाने मिसळलं की झालं. प्रयोगशाळेत याहून अवघड मिश्रणं केली आहेत. कागदावर प्रमाण मांडून मी नयनाबेनकडे गेलो. त्यांनी तो कागद पूर्ण वाचला.

"प्रमाण बरोबर आहे, काका. यात जंतू नाहीत ते कसं बघणार?"

"उकळून घेईन."

"मग औषध पण उकळेल."

मी कागदासाठी हात पुढे केला.

"एक तर हमणां, आत्ताच, जखम भरली आहे. स्वस्त करायचं ते जरूर करू. पण घरी बनवलेलं डोळ्यात नाही जाणार." त्यांनी माझा कागद घडी करून मला परत दिला.

मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. देशी कंपन्यांनी माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी हेच औषध आता थेंबांत काढलं आहे. कुत्र्याच्या मानाने त्याचा जोर कमी, त्यामुळे पुरेल याची खात्री नाही, पण दिवसातून अधिक वेळा घालून पट्टीने तपासत राहू, असं त्या म्हणाल्या. रावपुऱ्यातल्या औषधवाल्याने ते मागवून दिलं. त्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. तेवढ्यात तुझी ट्यूब आली. मी समजत होतो की ती महिनाभरसुद्धा जाणार नाही. नयनाबेनने करून दाखवलं. डोळ्याला लागतं ते तांदळाच्या दाण्याएवढं, आम्ही साबुदाण्याचा ढीग घातला असता. तेवढंच लावलं तर मलमही परवडेल, आणि नकली अश्रू तर स्वस्तच आहेत.

उत्तरायणाच्या पतंगांचे दोन दिवस पापडीला आतल्या खोलीत ठेवली. गच्चीवर स्पीकर, वारा, मांजाचे तुकडे. प्रेमला तिच्याजवळ बसून होती. उंधियो मी एकट्यानेच खाल्ला.

पण थेंब घालणं अजून युद्धच आहे. मी धरतो, प्रेमला घालते, निम्मे कानावर पडतात. तू कसं करायचीस?

दीनानाथ


कारेलीबाग, बडोदे
२६ फेब्रुवारी २००६

चि. ऋचास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या, पण चारही उपयोगाच्या. जमिनीवर बसा, तिची पाठ आपल्या पोटाला लागू द्या, हनुवटी तळहातावर घ्या, बाटली समोरून न आणता डोक्याच्या मागून आणा. नंतर गाजराचा तुकडा.

मी ते मोठ्याने वाचलं. प्रेमला म्हणाली, "समोरून आणतो म्हणूनच घाबरते ती. मला ऑपरेशनच्या वेळी तसंच झालं होतं." मग ती गुडघे धरत खाली बसली. डॉक्टरांनी तिला मांडी घालायला मनाई केली आहे, म्हणून पाय लांब करून बसली. पापडीला पोटाशी घेतलं. थेंब बरोबर डोळ्यात पडला. पापडीने डोळे मिचकावले आणि गाजर कुठे आहे ते पाहू लागली.

तेव्हापासून ते काम प्रेमलाकडे आहे. आधी हात धुणं, मग कोमट पाण्याने पुसणं, थेंब, जरा थांबून मलम. पटापट एकावर एक घातलं तर पहिलं औषध दुसऱ्याने वाहून जातं, असं नयनाबेनने बजावलं आहे. मधला वेळ प्रेमला तिच्याशी बोलत बसते. काय बोलते ते मी ऐकत नाही. तू असताना हीच बाई कुत्रीला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे, हे तुला आठवत असेल. आता डोळ्यांत केस जाऊ नयेत म्हणून तिने भाजीच्या कात्रीने पापडीचे डोळ्यांवरचे केस कापायला काढले होते. मी थांबवलं. ते काम नयनाबेनच्या माणसाकडून करून आणलं.

परवा पट्टी लावली. डावा डोळा जवळजवळ पूर्ववत झाला आहे. उजव्यातही पाणी धरतं आहे. चिकटा नाही. मी विचारलं, आता औषध कमी करायचं का? नयनाबेन म्हणाल्या की पुष्कळ लोक इथेच चुकतात. डोळा चांगला दिसतो म्हणून सोडतात आणि काही दिवसांत मूळ पदावर येतात. तेव्हा चालूच आहे.

विहंगचा रविवारी फोन असतो. त्यांच्याकडे सगळं ठीक आहे. उन्हाळ्यात आम्ही तिकडे यावं असं त्यांचं म्हणणं आहे. अजून नक्की नाही.

दीनानाथ


कारेलीबाग, बडोदे
१९ एप्रिल २००६

चि. ऋचास आशीर्वाद.

एक विनंती करायची आहे. तुला ती जड वाटली तर नाही म्हण.

आम्ही जूनच्या सुरुवातीला मस्कतला जाणार आहोत, सुमारे तीन महिने. पापडीला कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. हायवेजवळ कुत्र्यांना ठेवून घेणारा एक जण आहे, तो म्हणाला, दोन वेळा औषध घालू, फिकर नको. प्रेमला स्वतः जाऊन पाहून आली. तिथल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे पाहिले आणि रिक्षा सोडलीच नव्हती, त्याच रिक्षाने परत आली. नयनाबेन तयार होत्या, पण दवाखान्याच्या पिंजऱ्यात तीन महिने ही गोष्ट त्यांनाही बरी वाटत नव्हती. मी जयवंतरावांना विचारलं. ते चांगले आहेत, पण त्यांना अजून गुलाबपाण्यावर विश्वास आहे.

तू पापडीला घेशील का? तीन महिन्यांसाठी नाही. कायमची. मुळात तूच तिला मागितली होतीस.

आता मस्कतला का जातो आहोत ते. विहंगने गेल्या वर्षी तिकडेच लग्न केलं. जूनमध्ये बाळ होणार आहे. तुला ही बातमी आमच्याकडून कळू नये असं घरात ठरलं होतं. कदाचित तुला दुसरीकडून कळलीही असेल. मी ती पत्राच्या सुरुवातीला लिहिली नाही, कारण मग तू पापडीविषयीचं वाचलं नसतंस.

विहंगशी माझं बोलणं झालं. ते जसं झालं तसं लिहितो, म्हणजे पुढे काही वाद निघाला तर तुला माहीत असावं.

तो म्हणाला, "बाबा, एका कुत्रीसाठी काय एवढं? पांजरपोळात द्या."

"तिला दोन वेळा औषध लागतं. तिथे कोण घालणार?"

"मग काय करायचं, मी येऊ का तिथे थेंब घालायला?"

"मी ऋचाला देतो आहे."

तो म्हणाला, "तिला नाही द्यायची."

"पांजरपोळाला चालते आणि ऋचाला चालत नाही?"

"तो वेगळा विषय आहे, बाबा."

"मला वेगळा वाटत नाही. तिला डोळे आहेत आणि ते कोणीतरी पाहायला हवेत. तू पाहणार नाहीस, आम्ही इथे नसणार. एवढाच विषय आहे."

"आईला फोन द्या."

प्रेमलाने फोन घेतला. त्याचं बोलणं ऐकून घेतलं, बराच वेळ. मग म्हणाली, "विहंग, तिच्या औषधाची वेळ झाली आहे. मी नंतर बोलते." आणि फोन ठेवून हात धुवायला गेली.

नंतरही ती त्याच्याशी या विषयावर बोलली नाही. मलाही नातवाचं तोंड पाहायचं आहे, तिला माझ्याहून जास्त. तरी ती मला म्हणाली की पापडीची सोय लागली नाही तर तुम्ही एकटेच जा. तिने हे तुला लिहू नका असं सांगितलं आहे.

दीनानाथ


कारेलीबाग, बडोदे
२३ मे २००६

चि. ऋचास आशीर्वाद.

अर्ध्या वाटेवर, चिखलीत, पापडीला तुझ्या स्वाधीन करून निघालो ते रात्र पडायच्या आत पोचलो. तूही वेळेत पोचली असशील. सापुताऱ्याच्या घाटात पापडीला गाडी लागते की काय याची काळजी होती. तुझं कार्ड येईलच.

चिखलीच्या त्या हॉटेलात मी तुला आणि प्रेमलाला बाकावर सोडून चहा सांगायला गेलो आणि चहा आल्यावरही काउंटरजवळच थांबलो. गर्दी होती म्हणून नाही. पापडीने तुला ओळखलं की नाही ते मला पाहायचं होतं, आणि जवळ उभा राहून ते पाहणं मला जमलं नसतं. आधी तिने नुसता वास घेतला. मग तू काहीतरी बोललीस. मग ती जी तुझ्या अंगावर चढली, तिच्या शेपटीने प्रेमलाच्या हातातली कापसाची पिशवी उडवली. प्रेमला तो कापूस वेचत होती तेव्हा तूही खाली बसलीस. पुढे बराच वेळ तुम्ही दोघी खालीच होतात. प्रेमलाने तुला थेंब घालून दाखवले, मग तुला घालायला लावले. तुझीच पद्धत ती तुलाच शिकवत होती आणि तू शिकून घेत होतीस.

तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही. भरूच ओलांडल्यावर प्रेमला आपणहून म्हणाली, "ती मला म्हणाली, आई, तुम्हाला आता नीट दिसतं का?"

"मोतीबिंदूचं तिला मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"मी म्हटलं, दिसतं. तर तिने माझी हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवून दोन्ही डोळे पाहिले. पापडीचे पाहतो तसे."

"मग?"

"मग काही नाही. स्वच्छ आहेत म्हणाली."

त्यानंतर बडोदं येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, काकींना बरं नाही का, पाणी पाहिजे का. मी म्हणालो, राहू दे.

व्यवहाराचं लिहितो. नयनाबेनने सगळं एका कागदावर लिहून दिलं आहे, तो पिशवीच्या वरच्या कप्प्यात आहे. नाशिकच्या डॉक्टरांना दाखव. अधूनमधून पट्टी लावून घे. डोळा लाल झाला किंवा मिटून धरला तर घरातलं काही घालू नकोस, आधी रंग घालून जखम आहे का ते पाहायला सांग. हे सांगायची गरज नाही, तरी लिहिलं.

दीनानाथ


कारेलीबाग, बडोदे
१४ सप्टेंबर २००६

चि. ऋचास आशीर्वाद.

आम्ही गेल्या आठवड्यात परत आलो. तुझी तीन कार्डं दाराच्या आत पडलेली होती. जयवंतरावांनी बाकीचं टपाल उचलून ठेवलं होतं, ही राहून गेली असावीत. प्रेमलाने चष्मा लावून तिन्ही वाचली, मग तारखांप्रमाणे लावून पुन्हा वाचली. उजव्या डोळ्याची पट्टी आता डाव्याच्या जवळपास भिजते, हे वाचून तिने मला ती ओळ बोट ठेवून दाखवली. नयनाबेनना मी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहु सरस. पण औषध बंद नाही करायचं."

मुलगा झाला. गुटगुटीत आहे. आई-बाळ दोघं सुखरूप आहेत. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं आता ठरवलं आहे, म्हणून लिहितो. सूनबाई स्वभावाने बऱ्या आहेत. आमचं त्यांनी मनापासून केलं. प्रेमलाने बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, तिचे दिवस भरगच्च गेले. फक्त सकाळी आठच्या सुमाराला ती उठायची, बेसिनशी जाऊन हात साबणाने धुवायची आणि मग तिथेच उभी राहायची. सूनबाईंनी एकदा विचारलं, आई, काय हवं आहे? ती म्हणाली, काही नाही, सवय.

विहंगने सुरुवातीला पापडीचं नाव काढलं नाही. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी बाळाला घेऊन बाल्कनीत उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोळे कसे आहेत तिचे?"

मी म्हणालो, "एकात डाग आहे. पण दिसतं."

"कोण घालतं थेंब?"

"ऋचा."

त्याने मान हलवली. नंतर म्हणाला, "बरं केलंत." मी त्याचं तोंड पाहिलं नाही. ऊन त्याच्या मागून येत होतं.

हे तुला का लिहिलं, याचा मी विचार केला. तुला त्याचं काही वाटावं अशी अपेक्षा नाही. तो म्हणाला, ते तुझ्यापर्यंत पोचवलं, इतकंच.

आता आमचं. घर नीटनेटकं आहे. सोफ्यावर केस नाहीत, जिन्यावर कोणी चढलं तरी कळत नाही. संध्याकाळी मी एकटाच सोसायटीला फेरी मारतो. लोक विचारतात, डॉगी क्यां गई? मी सांगतो, आमच्या मुलीकडे. पहिल्यांदा ते तोंडून गेलं तेव्हा दुरुस्त करावं की काय असं वाटलं. विचारणारा पुढे गेला होता. आता तसंच सांगतो.

प्रेमलाच्या मनात आहे की दिवाळीनंतर चार दिवस नाशिकला यावं. मी म्हणालो, पापडीला पाहायला येतो असं लिहितो. ती म्हणाली, "तसं लिहू नका. पापडी ठीक आहे, ते कार्डात आलं आहे. ऋचाला भेटायला येतो असं लिहा." म्हणून तसं लिहितो. उतरण्याची सोय आम्ही बाहेर करू. तुझे आई-बाबा काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, याचा विचार तुला करावा लागेल, आम्हाला नाही, हे मला समजतं. तेव्हा नको असेल तर मोकळेपणाने एक कार्ड टाक. आम्हाला वाईट वाटेल, पण राग येणार नाही.

आणि यावं असं वाटत असेल तर काही लिहू नकोस. आम्ही निघू.

दीनानाथ